डावी बाजू

ओरखडा किती खोल गेला आहे हे कळायला नखासारखं दुसरं साधन नाही. ओरखड्याला आडवं नख फिरवायचं. अडकलं नाही तर मामला सर्वांत वरच्या पारदर्शक थरापुरता आहे, घरच्या घरी निघेल. किंचित अडकलं तर खालच्या रंगापर्यंत गेलं आहे. मेहनत पडेल आणि खूण पूर्ण जाईलच असं नाही. नख चक्क अडकलं आणि आत राखाडी प्रायमर किंवा चकाकणारा पत्रा दिसला, तर पावसाळ्याआधी बंदोबस्त करायचा, नाहीतर तिथून गंज धरतो. ही परीक्षा मला बाबांनी शिकवली. बडोद्याजवळच्या एका खत कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय तिच्याबद्दल मत द्यायचं नाही, ही तिथली सवय.

दुसरी परीक्षा पाण्याची. ओरखड्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. ओला असताना तो दिसेनासा झाला तर वरवरचा समजायचा. पाण्याने खाच भरते, प्रकाश इकडेतिकडे फुटायचा थांबतो आणि डोळ्याला ती जागा सपाट वाटते. वाळली की खूण परत उमटते. मी शाळेत गणित-विज्ञान शिकवते. प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना पाण्यातली पेन्सिल दाखवून मी कंटाळले होते. आता मुलांना शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे नेते. मुलं आपापले ओरखडे शोधतात आणि पुढची वीस मिनिटं वर्गात शांतता असते.

गाडीचा रंग म्हणून आपण जे बघतो ते फार पातळ प्रकरण आहे. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन धरला, तर उन्हापावसाशी, पक्ष्यांशी आणि शेजाऱ्यांच्या मुलांशी जे काही लढतं ते दीड-दोन केसांएवढं आहे. त्यातही झळाळी देणारा क्लिअर कोट अर्ध्या केसाच्या आसपास. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातलाच थोडा झिजवून आपण ओरखडा घालवत असतो. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खाली आणली जाते. म्हणून दर रविवारी हौसेने पॉलिश मारणारा माणूस गाडीवर प्रेम करतो आणि तिला लवकर म्हातारीही करतो.

आमचं घर टेनामेंट आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना इथे तोच शब्द आहे. १९८८ साली बाबांनी ते घेतलं तेव्हा दारात स्कूटर होती. मारुती ८०० नवीन होती आणि आमच्यासारख्यांनी तिच्या आशेने पोर्च बांधायचा काळ होता. त्या गाडीची रुंदी सुमारे १४४० मिलिमीटर. आजच्या मध्यम हॅचबॅकची सतराशेच्या वर जाते, आरसे वेगळे. आमचा झांपा सात फुटी. (फाटकाला गुजरातीत झांपो, आमच्या घरात आल्यावर तो मराठी आकारान्त झाला. तसाच गाडीला पडलेला गोबो आमच्याकडे गोबा झाला. पोचा हा शब्द पुण्याचा आतेभाऊ वापरतो तेव्हा कळतो, पण तोंडात येत नाही.) सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. आताची गाडी आरशांसकट मी टेपने मोजली, १९०. उरले २३. दोन्ही बाजूंना सारखे वाटले तर साडेअकरा, म्हणजे माझी वीत पुरती मावत नाही. आत गेल्यावर डाव्या हाताला खांब, खांबाशी तुळशीची कुंडी, पुढे भिंतीला टेकवलेली शिडी. उजवीकडे घराचा ओटा. या एवढ्या जागेतून बाबांनी तीन गाड्या, तीस वर्षं आत-बाहेर केल्या, आणि गाडी ठेवताना त्यांचा चेहरा देवाला फूल वाहणाऱ्या माणसासारखा असायचा.

आई गेल्यानंतरच्या वर्षात गाडीवर खुणा दिसायला लागल्या. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी धुऊन वही घेऊन बसले. खुणा चौदा निघाल्या. प्रत्येकीची जमिनीपासूनची उंची, लांबी, दिशा, आणि आतून कुठला रंग दिसतो ते लिहिलं. बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "पंचनामा करतेस की काय?" मी म्हटलं, "बाबा, माहिती जमवल्याशिवाय उदाहरण सुटत नाही, हे तुमचंच वाक्य आहे."

सगळे ओरखडे ओरखडे नसतात, हे त्या वहीमुळे कळलं. चौदापैकी पाच खुणा म्हणजे आमच्याच भिंतीचा पिवळट रंग गाडीला लागलेला. भिंत गाडीला घासते तेव्हा जी बाजू मऊ असते ती आपला रंग दुसरीला देते. फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलक्या हाताने पुसलं की हा उसना रंग निघतो आणि खाली बऱ्याचदा गाडी धडधाकट सापडते. लगेच शाम्पूच्या पाण्याने धुवायचं. पेंटरकडचा कडक थिनर मात्र घ्यायचा नाही. गाडीवर आधी बाहेर कुठे रंगकाम झालं असेल तर तो ते सोलून काढतो.

सहा खुणा नख न अडकणाऱ्या. त्यांना रबिंग कंपाउंड. त्याआधी त्यातल्या दोन हट्टी खुणांवर २००० आणि मग ३००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खळगे पडतात. घासताना पृष्ठभाग दुधासारखा धूसर होतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. कंपाउंड आणि त्यानंतर पॉलिश मारलं की झळाळी परत येते. टूथपेस्टही थोडं काम करते, कारण तीही बारीक घासणारी वस्तूच आहे. पण तिचा दाणा दातांसाठी ठरवलेला आहे. कधी काही होत नाही, कधी जागा निस्तेज होते.

उरल्या तीन. त्यात नख अडकत होतं. गाडीचा रंग-क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर छापलेला असतो, तो बघून टच-अपची बाटली आणली. बाटलीच्या झाकणाला ब्रश असतो तो वापरायचा नाही, त्याने थेंब पडतो आणि ओरखड्याच्या जागी टेकडी तयार होते. टूथपिकच्या टोकाने खाचेत रंग सोडायचा, वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच पातळ थर. आमची गाडी पांढरी, धातूची चमक नसलेली, म्हणून निभावलं. चंदेरी गाडीत रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात आणि कारखान्यातल्या फवाऱ्यात ते ज्या बाजूला कलले तसे टूथपिकने कलत नाहीत. उन्हात डाग उठून दिसतो.

हे सगळं बाहेरही करून मिळालं असतं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने एका पॅनेलचे साडेतीन हजार सांगितले, आणि दरवाजा एकटा रंगवला तर शेजारचं पॅनेल जुनं दिसतं म्हणून तेही थोडं ओढून घ्यावं लागेल म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. विम्यातून करावं तर हिशेब उलटा बसतो. वर्षभर क्लेम नसेल तर नो-क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो. एका ओरखड्यासाठी क्लेम केला की शिडीवरून खाली. शिवाय लहान गाडीच्या प्रत्येक क्लेमचे पहिले हजार रुपये आपलेच. थोडक्यात, नख न अडकणाऱ्या खुणेसाठी विमा हा उपाय नाही, आणि हे आकडे न बघता क्लेम करणारे माझ्या स्टाफरूममध्येच चार जण आहेत.

मग बाबा म्हणाले, "दुरुस्ती झाली. आता बिघाड का होतो ते बघायचं की नाही?" आम्ही दोघांनी पोर्चला हात घातला.

खांबाला सायकलच्या जुन्या ट्यूब उभ्या चिरून, कमरेपासून घोट्यापर्यंत गुंडाळल्या. तुळस ओट्यावर गेली. शिडी मागच्या अंगणात. झांप्याचं दार वाऱ्याने सुटून गाडीवर यायचं, त्याला जमिनीत कडी बसवली. भिंतीशी लाकडी ओंडका आडवा ठोकला, म्हणजे पुढची चाकं तिथेच थांबतील. छतावरून दोरीने टेनिसचा चेंडू लोंबकळत ठेवला. गाडी बरोबर जागी उभी असताना तो समोरच्या काचेला मध्यभागी टेकतो. आत येताना काच चेंडूला टेकली की थांबायचं, चेंडू मध्यापासून सरकलेला दिसला तर गाडी तिरकी आहे. फरशीवर डाव्या चाकाच्या बाहेरून चार बोटांची पांढरी रेघ मारली आणि ती झांप्याबाहेर सहा फूट रस्त्यापर्यंत नेली, कारण गाडी सरळ करायची असते ती आत शिरायच्या आधी.

धुण्यापुसण्याच्या सवयीही बदलल्या. सकाळी सोसायटीत एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारा मुलगा येतो. तो कष्टाळू आहे, पण त्याच्या फडक्यात एकोणीस गाड्यांची माती असते. रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ, आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने पुसलेल्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती यातूनच. म्हणून आधी नुसतं पाणी, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. तीच गोष्ट गाडीच्या कव्हरची. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की रात्रभर कव्हर हाच पॉलिश पेपर. उत्तरायणात वेगळी तऱ्हा. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्याच्या आभाळात जेवढे पतंग असतात तेवढाच तुटलेला मांजा गाड्यांवर, आणि मुलं तो बॉनेटवरून सरसर ओढत नेतात. काच लावलेल्या दोऱ्याची खूण सरळ, लांब आणि बारीक असते, पट्टीने आखल्यासारखी. त्या दोन दिवसांत गाडीवर जुनी गोधडी टाकायची आणि मांजा ओढायचा नाही, कात्रीने कापून उचलायचा.

दरवाज्याच्या मुठीमागच्या खळग्यातही चरे असतात, नखांचे आणि अंगठ्यांचे. आमच्या गाडीत चालकाच्या बाजूला ते थोडे होते. डाव्या पुढच्या दरवाज्याला दाट, अर्धगोलाकार. ते आईच्या बांगड्यांचे. त्या खुणा मी चौदात धरल्या नव्हत्या, आणि बाबांनी कंपाउंडचा डबा त्या बाजूला नेलाही नाही.

चार महिने पोर्चमध्ये एकही नवी खूण पडली नाही. सोसायटीतल्या दोघांनी चेंडूची नक्कल केली. आणि मग मार्चमध्ये पुढच्या डाव्या चाकाची कड फुटपाथला घासलेली दिसली. आठवड्याने डावा आरसा आतल्या बाजूला दुमडलेला आणि त्यावर निळा रंग. बाबा म्हणाले, "भाजीची लारी होती. पण खरं सांगतो, मला ती दिसलीच नाही."

मी त्या वाक्याशी अडखळले. माझा भाऊ बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "अगं, आई गेल्यापासून त्यांचं लक्ष लागत नाही कशात." नातेवाईकही हेच म्हणत होते, आणि ते पटण्यासारखं होतं. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, डावी बाजू त्याच्यापासून लांब, तिथे खुणा जास्त असणारच. पण मी वही काढून पुन्हा बघितली. चौदापैकी बारा डावीकडे होत्या, इथवर ठीक. त्या बारापैकी दहा माझ्या गुडघ्याच्या आसपास किंवा त्याखाली होत्या. दुःखाने लक्ष उडालेला माणूस सगळीकडेच धडकेल. दुःखाला डावं-उजवं कळत नाही आणि खालचं-वरचं तर नाहीच.

त्याच आठवड्यात जेवताना बाबांनी विचारलं, "आज कोशिंबीर नाही केलीस?" आमच्याकडे ताट अजून जुन्या रीतीने वाढतात, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही ताटाची डावी बाजू, भाजी-आमटी उजवी. कोशिंबीर ताटात होती. मी काही बोलले नाही. त्यांनी मान थोडी वळवली, ती त्यांना दिसली आणि ते हसले. "आहे की!" म्हणाले आणि जेवायला लागले. मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

बाबांना जाणं पटत नव्हतं. चष्म्याचा नंबर गेल्या वर्षीच तपासलेला, भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ ते वाचतात. लायसन्सच्या अर्जातल्या स्वघोषणेत २५ मीटरवरून दुसऱ्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का असा प्रश्न असतो. बाबा चाळीसवरून वाचतात. त्यांचं सगळं खरं होतं. काचबिंदू मधल्या नजरेला बरीच वर्षं हात लावत नाही. डोळ्यातला दाब वाढतो, पुष्कळांचा वाढल्यासारखा मोजातही येत नाही, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू एकेक करून जातात. कडेची नजर आधी जाते. दुखत नाही, लाल होत नाही. गेलेल्या जागी काळं दिसतं असंही नाही. जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, एखाद्या तरबेज पेंटरसारखा, आणि जोड कळू देत नाही. लारीच्या जागी बाबांना मोकळा रस्ता दिसत होता.

दृष्टिक्षेत्राची तपासणी मी काचेबाहेरून बघितली. एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही उजेडाचा बारीक ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा सतत दाबत होते, मग बराच वेळ दाबत नव्हते, मग पुन्हा. प्रत्येक डोळ्याला काही मिनिटं. कागद हातात आला तेव्हा त्यावर दोन गोल होते, जिथे दिसत नाही तिथे गडद. डाव्या डोळ्याचा बराच भाग, खालून वर चढलेला. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा, म्हणजे तोही डावीकडचाच, खालचा कोपरा. नाकाकडच्या त्या पट्ट्यात एरवी एक डोळा दुसऱ्याचं उणं भरून काढतो. इथे दोन्ही उणी एकाच बाजूला आली होती. माझ्या वहीत गाडीचं चित्र होतं, बारा खुणा डावीकडे, बहुतेक खाली. मी वही पर्समधून काढली नाही. आकृती एकच होती.

डॉक्टर म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, थेंबांनी दाब खाली ठेवायचा आणि उरलेलं राखायचं. आणि हे वर्षभरातलं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे.

परतताना मी गाडी चालवत होते, बाबा डावीकडच्या सीटवर. अकोट्याच्या पुलावर ते म्हणाले, "बऱ्याच वर्षांचं असेल तर मग खुणा आत्ताच का पडल्या?" आणि मग पुलाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच म्हणाले, "ही बोलायची ना सारखी."

आईला गाडी चालवता येत नव्हती. ती त्यांच्या डावीकडे बसायची आणि बोलायची. "डावीकडे घ्या. फार घेतलंत. सायकलवाला आहे हो. कुंडी, कुंडी!" आम्ही मुलं तिची नक्कल करायचो. बाबा वैतागायचे, "अगं, मला दिसतंय!" आणि चाक किंचित उजवीकडे फिरवायचे. शेवटच्या पाच-सात वर्षांत तिचं बोलणं वाढलं होतं. वयाने धास्तावते आहे, असं आम्ही म्हणायचो. तिला काचबिंदू हा शब्द माहीत असेल, पण बाबांना तो आहे हे तिलाही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की हल्ली सांगितल्याशिवाय गाडी वळत नाही.

भावाचं मत पडलं, किल्ली लपव. मी तसं केलं नाही. तपासणीचा कागद आणि वही दोन्ही मी बाबांपुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. पोर्चमध्ये आम्ही केलेल्या सगळ्या सोयी त्यांच्या समोर होत्या: चेंडू, रेघ, ट्यूबा. त्यांनी घर सुरक्षित झालं होतं. रस्त्याला रेघ मारता येत नाही, आणि लारीवाल्याला सायकलची ट्यूब गुंडाळता येत नाही. हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक जुनी पुठ्ठ्याची पाटी काढली. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की मुख्य स्विचला पाटी अडकवतात, 'चालू करू नये', खाली नाव आणि तारीख. ज्याने ती लावली त्यानेच काढायची, हा तिथला नियम. साहेबानेही हात लावायचा नाही. बाबांनी त्यावर आपलं नाव घातलं, तारीख घातली, स्वतःच्या किल्लीला बांधली आणि खिळ्याला अडकवली. त्यांच्या लायसन्सची दोन वर्षं अजून बाकी आहेत. पाटी कुणी काढलेली नाही. पहिले दोन महिने ते फार कमी बोलत, आणि चारच्या चहानंतर, ज्या वेळी ते मंडईत जायचे, त्या वेळी झांप्यापर्यंत जाऊन परत यायचे. याला उपाय नव्हता. मी शाळेतून लवकर येऊन त्यांना नेते म्हटलं तर म्हणायचे, "मला कुठे जायचं नाहीये. मला जायचं होतं." या दोन वाक्यांतला फरक मला कळायला थोडा वेळ लागला.

मग गाडीच त्यांना परत मिळाली, वेगळ्या वाटेने. धुतलेल्या गाडीवरही रंगात रुतलेले बारीक कण राहतात: लोखंडाचा चुरा, डांबर, झाडाचा चीक. डोळ्याला दिसत नाहीत. ते शोधायची एक युक्ती आहे, हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बोटं रंगावरून फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. त्यावर डिटेलिंगची माती, क्ले, साबणाच्या पाण्यासोबत फिरवली की कण निघून येतात. ही तपासणी माझ्यापेक्षा बाबांना फार चांगली जमते. ते डोळे मिटून करतात. बॉनेटच्या कडेपासून सुरू करून इंचाइंचाने पुढे जातात आणि थांबून म्हणतात, "इथे आहे." मी वाकून बघते, मला काही दिसत नाही. क्ले फिरवल्यावर तिच्यावर काळा ठिपका आलेला असतो.

आता मी चालवते आणि ते डावीकडे बसतात. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान पूर्ण वळवून बघतात. "कुंडी" म्हणत नाहीत, कुंडी ओट्यावर आहे. पण झांप्यातून शिरताना "डावीकडे आठ बोटं आहेत" असं मोजून सांगतात, आणि ते बरोबर असतं. थेंब दिवसातून दोनदा, दर सहा महिन्यांनी तो कागद. शेवटच्या दोन कागदांत फरक नव्हता. भावाने आणि मीही डोळ्यांचा दाब तपासून घेतला, कारण हा आजार घराण्यात उतरतो आणि चाळिशीनंतर तो शोधावा लागतो, तो आपणहून सांगत येत नाही.

परवा समोरच्या ओळीतले एक गृहस्थ आले. गाडीच्या डाव्या बाजूला चरे पडले आहेत, कुठलं कंपाउंड चांगलं, खांबाला लावायचं रबर कुठे मिळतं, चेंडूची दोरी किती लांब ठेवली. मी सांगायला सुरुवात केली. बाबांनी हात वर करून मला थांबवलं आणि गुजरातीत त्यांना विचारलं, "ते सगळं नंतर. आधी सांगा, तुमच्याकडे गाडी कोण चालवतं आणि त्यांचं वय काय?"